माथ्यावरचं काम, पायथ्याचं पाणी

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो आणि वाईट वर्षी त्याहून पुष्कळ कमी. घाटमाथ्यावर रिते झालेले ढग महादेव डोंगररांगेपर्यंत येतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. याच रांगेत, कुळकजाईजवळच्या सीतामाईच्या डोंगरात माणगंगा उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड करत पुढे पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. नकाशावर ती निळी रेघ आहे. प्रत्यक्षात वर्षातले बहुतेक महिने तिच्या पात्रातून मोटारसायकली जातात.

मी या भागातल्या गावांमध्ये पाणलोटाचं काम करते. आखणी शिकवणं, ग्रामसभेत बोलणं, बाहेरून श्रमदानाला येणाऱ्यांना कामाला लावणं, आणि सगळे निघून गेल्यावर गावाबरोबर राहणं. शेवटचं काम सगळ्यात लांबतं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे ज्या गावाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव देत नाही, कारण त्यातल्या काही गोष्टी गावाच्या घरातल्या आहेत.

माणला दुष्काळी म्हणतात ते खरंच आहे. पण इथला पाऊस कमी आहे तसा आडदांडही आहे. वळवाची एखादी सर तास-दीड तासात महिन्याचा पाऊस ओतून जाते. उघड्या उतारावर टपोरा थेंब आपटला की मातीचा कण सुटतो. सुटलेली बारीक माती जमिनीची छिद्रं बुजवते, पाणी मुरायचं थांबतं आणि पळायला लागतं. पाण्याचा वेग वाढला की त्याची माती-दगड ओढून नेण्याची ताकद त्याच्या कितीतरी पटीनं वाढते. पहिल्यांदा पातळ थर जातो, तो कुणाच्या लक्षातही येत नाही. मग बोटभर ओघळी पडतात, ओघळी एकमेकींना मिळतात आणि घळ तयार होते. आमच्या गावच्या डोंगरावर घळी इतक्या खोल गेल्या होत्या की आत उतरलेलं शेरडू वरून दिसत नसे. माथ्यावर कातळ उघडा पडला होता. खाली ओढ्यात १९७२ च्या दुष्काळी कामावर बांधलेला एक मातीचा बांध आहे. गावातल्या म्हाताऱ्या बायका त्या कामावर डोक्यावरून माती वाहायला होत्या. त्या बांधात आता पाणी थांबत नाही, कारण सगळा डोंगर गाळ होऊन त्यात येऊन बसला आहे. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती जायला एका माणसाचं आयुष्य पुरलं.

प्रशिक्षणाची सुरुवात मी त्या बांधावर उभी राहून करते. बांध चांगला होता, पण एकटा होता. वरचा उतार मोकळा ठेवून ओढ्यात बांध घातला की तो काही पावसाळ्यांत गाळानं भरणारच. म्हणून आधी माथ्यावर सलग समतल चर, घळींमध्ये वरून खाली येत अनघड दगडी बांध, त्यानंतर शेतांची बांधबंदिस्ती, आणि ओढ्यावरचं काम शेवटी. 'माथा ते पायथा' हे सूत्र महाराष्ट्रात पाणलोटाचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. पाळायला मात्र ते जड जातं. पायथ्याशी रस्ता असतो, मशीन पोचतं, उद्घाटनाला मांडव घालता येतो आणि विहिरीही तिथेच असतात. माथ्यावर पाण्याची घागर चढवायला तास लागतो.

चराची आखणी नेमकी समपातळीत व्हावी लागते. तो जरा जरी कलला तर पाणी एका टोकाला गोळा होतं, तिथून फोडून निघतं आणि नवी घळ पाडतं. ही पातळी धरायला महागडं काही लागत नाही. दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मधे आडवी पट्टी ठोकायची, वरून दोरीला दगड सोडायचा. ही झाली ए-फ्रेम. दोन्ही पाय एका पातळीत आले की दोरी पट्टीवरच्या खुणेवर येऊन थांबते. मग एक पाय तिथेच ठेवून दुसरा फिरवायचा, पुढची जागा शोधायची, आणि मागच्यानं फक्की टाकत यायचं. गवंडीकाम केलेल्या माणसांना हे सांगावंच लागत नाही, ओळंबा त्यांच्या रोजच्या हातातला. पण सगळ्यात चोख आखणी मी बचत गटातल्या बायकांची पाहिली आहे. त्या दोरी पूर्ण थांबेपर्यंत थांबतात. वारा असला तर एक जण पदर आडवा धरते.

दोन फूट रुंद आणि एक फूट खोल अशा चराच्या एका मीटरमध्ये साधारण १८० लिटर पाणी मावतं. शंभर मीटरला अठरा हजार लिटर. आणि तो चर पावसाळ्यात जितक्या वेळा भरेल आणि मुरेल तितक्या वेळा हा हिशेब करायचा. ग्रामसभेत हे टँकरमध्ये सांगितलं की लगेच पटतं. टँकरच्या मागे धावलेल्या बाईला अठरा हजार लिटर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिल्या वर्षी कोरेगावातलं वेळू पहिलं आलं आणि जवळच्या माण-खटावमध्ये हालचाल सुरू झाली. २०१७ मध्ये माण तालुका स्पर्धेत आला. २०१८ मध्ये माणमधलंच टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. ८ एप्रिल ते २२ मे अशी ती पंचेचाळीस दिवसांची धावपळ असे. स्पर्धेनं गावं सुधारतात का, बक्षिसाच्या आशेनं केलेलं काम टिकतं का, असे आक्षेप घेतले गेले आणि ते विचार करण्याजोगे आहेत. मला तिचं मोल एका कारणासाठी वाटतं. तिनं मुदत घातली. 'पुढच्या वर्षी करू' हे वाक्य गावाच्या कामांना जितकं मारतं तितका दुष्काळही मारत नाही.

आमच्या गावात २०१८ च्या त्या उन्हाळ्यात पहाटे पाचला डोंगरावर माणसं असायची. १ मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईहून बस भरून लोक आले. कार्यालयात काम करणारी मुलं-मुली, निवृत्त शिक्षक, एक डॉक्टर जोडपं. टिकाव कसा धरायचा हे गावातल्या काकींनी त्यांना शिकवलं: मारताना मनगट सैल, उचलताना गुडघ्यात वाकायचं. तासाभरात बहुतेकांच्या हाताला फोड आले आणि तरी कुणी खाली उतरलं नाही. या पाहुण्यांनी त्या दिवशी उकरलेली माती घनमीटरमध्ये मोजली तर थोडीच भरेल. त्यांच्या येण्याचा खरा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. तोवर पारावर बसून 'बघू काय करत्यात' म्हणणारी मंडळी खोरं घेऊन वर आली. बाहेरची माणसं आपल्या डोंगरावर रक्त काढून जातात हे त्यांना सहन झालं नाही. ही लाज फार कामाची असते, आणि ती व्याख्यानानं येत नाही.

गावात दोन चुलत घरं आहेत, बांधाच्या वादावरून कोर्टात भांडणारी. श्रमदानाच्या रांगेत ती आजूबाजूला उभी राहिली. बोलणं झालं नाही, पण दगडाची पाटी या हातातून त्या हातात जात राहिली. पुढे त्यांचा दावा मिटला असं मी सांगणार नाही, तो अजून चालू आहे. पण त्यांच्या दोन शेतांच्या मधल्या ओघळीत दगडी बांध घालायला दोघांनी संमती दिली, आणि आधी याच ओघळीनं भांडण लावलं होतं.

या भागातली पुष्कळ तरुण मंडळी गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी शुद्ध करायची त्यांची दुकानं केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेकडच्या शहरांपर्यंत पसरलेली आहेत. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेनं स्पर्धेतल्या गावांना मशीन पुरवली, डिझेल गावानं घालायचं होतं. ते पैसे आले दूरवरच्या त्या गलाईच्या दुकानांतून. मुलांनी व्हॉट्सॲपवर रोज डोंगराचे फोटो मागितले. एकानं लिहिलं होतं, 'आमच्या रानाच्या वरचा चर दावा.' त्याचं रान कोरडवाहू आणि पडीक आहे, तो दोन वर्षांतून एकदा घरी येतो.

मशीनबद्दल माझं मत थोडं कडू आहे. माथ्यावर माणसाच्या हाताला पर्याय नाही, आणि ओढ्यात मशीनचा मोह आवरत नाही. आपला दख्खनचा दगड थराथरांचा आहे. वर मुरूम, त्याखाली कुठे भेगाळलेला पाषाण, कुठे मांजऱ्या, मधेच लाल मातीसारखा पट्टा, पुन्हा कठीण काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत, आणि दगडाच्या एकूण आकारमानाच्या मानानं ती जागा फार थोडी असते. ओढा नुसताच खोल खोल करत गेलं तर मुरमाचा थर कापला जातो आणि बाजूच्या शेतांखाली साठलेलं पाणी झिरपून त्या खड्ड्यात येतं. खड्ड्यात पाणी दिसलं की फोटो चांगला निघतो. बाजूची विहीर मात्र लवकर उतरते. आमच्या गावानं गाळ काढला आणि मुरूम लागला तिथे मशीन थांबवलं. यासाठी दोन रात्री वाद घालावा लागला, आणि गावातल्या एका जुन्या विहीर खोदणाऱ्या तात्यांनी तो आमच्या बाजूनं संपवला. जमिनीखाली काय आहे हे त्यांच्याइतकं तिथे कुणीच पाहिलेलं नव्हतं.

आणि मग २०१८ चा पावसाळा कोरडा गेला.

चर खोदून झाले, बांध झाले, आणि पाऊस आलाच नाही. २०१९ च्या सुरुवातीला म्हसवडला चारा छावणी उभी राहिली आणि गावातली माणसं जनावरांसह तिथे राहायला गेली. मागे राहिलेल्यांना मी घरोघर भेटत होते. कुणी माझ्यावर राग काढला नाही, पण चराचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. त्या रिकाम्या महिन्यांत, काम थांबलेलं असताना, जे बोलणं आधीच व्हायला हवं होतं ते झालं.

माणमधले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला, जिकडे चारा-पाणी असेल तिकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला घरी येतात. घाटात मुसळधार सुरू होते तेव्हा मेंढराला हीच कोरडी भूमी मानवते. म्हणजे डोंगरावर गवत उगवायच्या नेमक्या दिवसांत कळप डोंगरावर असतात. दुसरीकडे चराच्या भरावावर आणि दोन चरांच्या मधे गवत धरलं नाही तर पहिल्या जोराच्या सरीत भराव चरातच बसतो. चराईबंदीशिवाय हे काम टिकत नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनं आपल्या नियमांत चराईबंदीला इतकी वरची जागा दिली ती यासाठीच.

पण चराईबंदी म्हणजे कुणाची बंदी? ग्रामसभेत ठराव मांडला गेला तेव्हा मागे बसलेले एक धनगर मामा उठले. ते फार बोलणारे नव्हेत. म्हणाले, "ताई, डोंगूर आमी सोडायचा, अन् पानी खालच्या डाळिंबाला. ह्यो कुठला न्याय?"

सभेत शांतता झाली, कारण हा प्रश्न खरा होता. माथ्याशी आणि गायरानाशी ज्यांचं पोट बांधलेलं असतं ते बहुधा मेंढपाळ, भूमिहीन, शेरडं पाळणाऱ्या एकट्या बायका असतात. वर अडवलेलं पाणी उतरतं ते पायथ्याच्या विहिरींत, आणि विहिरी असतात जमीनवाल्यांच्या. श्रमदान सगळ्यांचं, त्याग वरच्यांचा आणि बाग खालच्यांची, असा हा व्यवहार आहे. पाणलोटाच्या कामात लोकसहभाग हा शब्द आपण सहज वापरतो. या उतरंडीचा हिशेब केला नाही तर लोकसहभाग म्हणजे गरिबाकडून फुकट काढून घेतलेली मेहनत ठरते. हे मी आता प्रत्येक प्रशिक्षणात सांगते आणि मामांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवते.

त्यानंतर बैठका झाल्या त्या मंदिरात कमी आणि मेंढवाड्यावर जास्त. ठरलं ते असं. डोंगराची एक बाजू तीन पावसाळे बंद, दुसरी मोकळी, मग उलट. बंद बाजूचं गवत पिकल्यावर कापून न्यायचं, आणि कापायचा पहिला हक्क मेंढपाळांचा आणि भूमिहीनांचा. पायथ्याच्या बागायतदारांनी आपल्या विहिरीजवळ मेंढरांसाठी पाण्याचा हौद बांधायचा आणि तो भरून ठेवायचा. पीक निघाल्यावर मेंढरं त्यांच्याच शिवारात बसवायची, आणि लेंडीखताचा मोबदला ठरलेल्या दरानं द्यायचा, त्यात घासाघीस नाही. हौदाला एका बागायतदारानं शेवटपर्यंत नकार दिला. बाकीच्यांनी बांधले.

गवताबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. पावसाळ्यात शहरातून फोन येतात, 'आम्हाला झाडं लावायची आहेत.' त्यामागची तळमळ मला कळते. पण हा माळ कधीच दाट जंगल नव्हता. इथे हिवर, बोर, बाभूळ विरळ उभी असतात आणि त्यांच्यामधे पवन्या, मारवेल, कुसळी. लांडगा आणि चंडोल याच गवताच्या आधारानं राहतात. मातीला पहिल्या दोन वर्षांत धरून ठेवतं तेही गवतच, त्याची तंतुमय मुळं वरच्या वीतभर थरात जाळं विणतात. मी पाहुण्यांना रोपांऐवजी मारवेलचे ठोंब आणि गवताचं बी आणायला सांगते. काही जण हिरमुसतात. ठोंबाला आपल्या नावाची पाटी लावता येत नाही.

२०१९ चा परतीचा पाऊस माणवर जोरात आला. त्या आठवड्यात मी गावातच होते. बंद ठेवलेल्या बाजूची घळ आणि मोकळ्या बाजूची घळ शेजारी शेजारी ओढ्याला मिळतात. एकीतून लालभडक लोंढा येत होता. दुसरीतलं पाणी उशिरा आलं, कमी आलं, आणि त्यात तळाचे दगड दिसत होते. विहिरीला पाणी आलं त्याहून मला हे दृश्य मोठं वाटलं. गावातली पोरं दोन्हींचं पाणी बाटल्यांत भरून शाळेत घेऊन गेली आणि गुरुजींनी त्या बाटल्या खिडकीत ठेवल्या. एकीत तळाला चार बोटं गाळ बसला.

विहिरींना पाणी आलं, आणि पाठोपाठ बोअरच्या गाड्याही आल्या. पाणी वाढलं की बागा वाढतात आणि जे सगळ्यांनी मिळून जिरवलं ते एकाच्या पंपानं वर येतं. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानुसार शेती किंवा उद्योगासाठी साठ मीटर किंवा त्याहून खोल विहीर घ्यायला बंदी आहे. रात्री येणाऱ्या गाडीला ती कोण दाखवणार? हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. त्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी, अर्ध्या एकरापुरतं; जमीन किती आहे यावर नाही. भूमिहीनाचाही त्यावर हक्क. ऊस नाही. आज पन्नास वर्षांनंतरही पाण्याच्या वाटपाबद्दल याहून नीट विचार मला कुठे दिसलेला नाही, आणि तो इतक्या थोड्या गावांत का रुजला याचं उत्तर अवघड नाही. ज्यांच्याकडे विहिरी असतात, गावात शब्दही त्यांचाच चालतो.

आमच्या गावात ताळेबंद मांडायला सुरुवात झाली आहे. पर्जन्यमापक शाळेत आहे, दिवाळीनंतर विहिरींची पातळी मोजून फळ्यावर लिहितात आणि रब्बीला किती ज्वारी, किती कांदा यावर चर्चा होते. चर्चा होते एवढंच आज म्हणता येईल. बोअर पूर्ण थांबलेले नाहीत. पण फळ्यावर आकडा लिहिलेला असताना नवा बोअर घेणाऱ्याला आता चार जण विचारतात, आणि विचारणाऱ्यांत मेंढपाळही असतात. डोंगराची एक बाजू सोडल्यानं त्यांना तो अधिकार मिळाला आहे.

श्रमदानाला येऊ इच्छिणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. पहिल्या वर्षाच्या चराला हात पुष्कळ मिळतात. तिसऱ्या वर्षी त्याच चरात गाळ साचतो, भराव खचतो, दगडी बांधातले दगड सुटतात, तेव्हा कुणी येत नाही आणि तिथेच बहुतेक पाणलोट मरतात. तुमच्या संस्थेनं, कार्यालयानं, मित्रमंडळानं नवं गाव शोधण्याआधी पूर्वी जिथे खोदून आलात त्या गावाला फोन करावा. एप्रिलच्या शेवटी जावं, गाळ उपसावा, सुटलेले दगड पुन्हा रचावेत, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर मारवेलचे ठोंब घेऊन पुन्हा जावं. टिकाव, खोरी, पाट्या गावात असतात. टोपी आणि पाण्याची बाटली तेवढी आणा, कारण माथ्यावर अजून सावली नाही.